ओठांवरचं कोरियन

योगराजला मागावर उभं केलं ते मी. सुताला गाठ मारायला मी शिकवलं, बमरोलीत खोली मी मिळवून दिली. आणि तोच माझ्या शेजारी बसून घडाघडा कोरियन बोलत होता. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

साल सत्त्याण्णव. सचिन गावातल्या आमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, शेठने पाण्यावर चालणारे कोरियन माग आणले. एकाला तीन महिने कोरियाला पाठवणार, आणि परत आला की तोच मास्टर, सगळ्या मागांचा प्रमुख. त्यासाठी आम्हा दोघांचा एकवीस दिवसांचा वर्ग लावला. दिल्लीहून आलेल्या नूतनबाई, एक टेपरेकॉर्डर आणि रोज चार तास कोरियन.

अक्षरं तीन दिवसांत आली. पण माझे कान अठरा वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेले. टेपमधला माणूस मला नुसता गुरगुरताना ऐकू यायचा. योगराज मात्र एकदा ऐकायचा आणि जसंच्या तसं म्हणायचा. नूतनबाई 'वा' म्हणाल्या की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी टेपला नावं ठेवली, तर माझी बायको मालती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

शेवटी टेपचा नाद सोडला आणि नूतनबाईंच्या ओठांकडे बघू लागलो. खात्यात आम्ही ओठांनीच बोलतो, आवाज कुणाला ऐकू येतो तिथं? म्हणून एक नियम पक्का आहे. कुणी विचारलं की खरं तेच सांगायचं, नाहीतर कुणाचं तरी बोट जातं.

परीक्षेला कोरियन इंजिनियर आला आणि थेट चालू मागांमध्ये उभा राहिला. आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मला त्याचे ओठ स्वच्छ वाचता आले: चौथा माग बंद करा, पाणी तपासा. खडखडाटात आवाज ऐकू येईना, योगराज गांगरला. माझ्याकडे वळून त्याने ओठ हलवले, "भाऊ, काय सांगस तो?"

मी मान हलवली. म्हणजे, मलाही नाही कळलं.

आणि सरळ जाऊन चौथा माग बंद केला, पाणी तपासलं. इंजिनियर हसला. खरं सांगतो, त्या वेळी मला लाज वाटली नाही. आनंदच झाला.

संध्याकाळी शेठने माझं नाव सांगितलं. सगळ्यांनी हात मिळवले. योगराजनेही मिळवला, पण माझ्या तोंडाकडे न बघता. जळू दे, म्हटलं, एकवीस दिवस मी जळलोय.

दुसऱ्या दिवशी पाळीला त्याच्या मागाची पाठीमागची नळी सुटलेली मला दिसली. त्याला तिथून दिसत नव्हती. मी हात हलवून त्याचं लक्ष वेधलं आणि ओठांनी सांगितलं, "नळी सुटनी, माग थांबाड!"

त्याने माझे ओठ नीट वाचले. मग शेजारच्या मागावरच्या राघोकडे वळला आणि त्याला विचारलं, "हाई खरं शे का?"