दुपारची रिकामी फेरी

वल्लरीनं चावी पुन्हा पिळून बघितली. अमोनियाचा सिलिंडर बंद होता, तरी पडद्यावर ती रेघ ऐटीत उभी!

ही रेघ म्हणजे पोरीच्या पीएचडीतलं मुख्य प्रकरण हो. बारीक भोकातून वायू निर्वातात सोडला की त्यातले रेणू गारठून गप्प होतात. मग लेझर मारायचा, की ते चमकतात आणि पडद्यावर रेघ उमटते. तिच्या कड्यासारख्या ॲरोमॅटिक रेणूला अमोनिया हलकेच चिकटला की शेजारी वेगळी रेघ येते, असं तिनं प्रबंधात ठासून लिहिलेलं. आणि उद्या तोंडी परीक्षा!

रात्रभर वायूची नळी तापवून कोरडी करायची, सकाळी अमोनियाशिवाय रिकामी फेरी घ्यायची, दुपारी खरा प्रयोग करायचा, ही तिच्या गाइड पद्मजा मॅडमची शिस्त. आज सकाळी लाइट गेली, म्हणून रिकामी फेरी दुपारवर गेली. तोवर नळी थंड होऊन हवेतली ओल आत शिरली होती. सकाळी नळी कोरडी, दुपारी ओलसर, असं वर्षानुवर्षं चाललेलं आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही! रेघ अमोनियाची नव्हतीच, साध्या पाण्याची होती मेली.

शेजारच्या टेबलावरचा नीरज म्हणाला, छोड ना यार, कौन पूछेगा. वल्लरीनं मॅडमना सांगितलं, तर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या. "उद्याचं पार पडू दे, मग बघू."

वल्लरीला रडू आलं आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक श्रीपाद सर पोहे-जलेबी खाऊन खुशीत होते. प्रबंधाचं कौतुक झालं. मग सरांनी सहज विचारलं, अमोनियाशिवाय फेरी घेतली होती ना?

नुसतं हो म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. तिथंच तर घोडं अडलं होतं. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. वल्लरीनं समोरचा प्रबंध मिटला.

"घेतली, सर. पण नेहमी सकाळी." आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं.

मॅडम उठल्या. आता आपली काही खैर नाही, असं वल्लरीला वाटलं. पण त्या सरांकडे वळल्या.

"हिची चूक नाही, सर. शिस्त माझी आहे. चला, आत्ता दुपारच आहे, लावून बघू."

तिघं लॅबमध्ये गेली. सिलिंडर मॅडमनी स्वतः बंद केला. थोड्या वेळानं पडद्यावर रेघ उमटली, कालच्याच जागी. सर हळूच म्हणाले, प्रबंध पुन्हा लिहावा लागेल, डिग्री लांबेल. वल्लरीनं मान डोलावली.

मॅडम पडद्यासमोरून हलेनात.

"तुझं एक प्रकरण गेलं, वल्लरी," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रबंधातली तर सगळीच प्रकरणं या सकाळच्या फेरीवर उभी आहेत."