शीग

महिपतने लाकडी पट्टी मापाच्या काठावरून सरळ फिरवली आणि वरचं भात सुळकन खाली राशीत पडलं. मग ते सपाट माप त्याने ठकूच्या पुढे धरलं.

ठकूने पदर पुढे केला नाही.

"धर की," महिपत म्हणाला.

"शीग?"

"शीग बंद. सरकारचा कायदा आलाय. माप काठोकाठ द्यायचं. वर एक दाणा चढवायचा नाय."

ठकूच्या मागे सुंदरा आणि वाडीवरच्या बाकीच्या बाया उभ्या होत्या. दिवसभर महिपतच्या शेतात गरव्या भाताची कापणी करून सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. लवकर पिकणारं हळवं भात आधीच झोडून झालं होतं. खळ्यावर त्याची रास पडली होती आणि तिच्यातूनच रोजची मजुरी मापून मिळायची. वैशाखरे गावाच्या त्या अंगाला हे असंच चालत आलेलं. माप काठापर्यंत भरायचं, आणि काठाच्या वर दाणे घरंगळायला लागेपर्यंत जो ढीग उभा राहतो, ती शीग. काठाखालचं भात पावसाळ्यासाठी कणगीत जायचं. काठावरचं त्याच संध्याकाळी उखळात पडायचं. म्हणून वाडीवर शिगेला पोराची म्हणत. मजुरी बाईची, शीग पोराची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

ठकूच्या कडेवर तिची बुधी होती. भाताकडे बघत ती अंगठा चोखत होती.

"सरकारला काय ठावं शीग?" ठकू म्हणाली. "ते आलं व्हतं का इथं मापायला?"

"मुरबाडला आलं व्हतं," महिपत म्हणाला. "माझ्याच पुढ्यात आलं."

ते मात्र खरं होतं. आठवड्याच्या बाजारात साहेब आला होता. आता देशभर एकच माप, म्हणाला, म्हणजे गरिबाला कोणी लुबाडणार नाही. आणि गरिबाच्या भल्यासाठी त्याने सुरुवात कोणापासून केली, तर महिपतपासून. त्याच्या आज्याची शिसवी अधोली, मापायची, पितळी कड्यांची, हाताला लागून लागून काळी कुळकुळीत झालेली. शिपायाने ती भर बाजारात कुऱ्हाडीने फोडली. लोक बघत राहिले. नंतर महिपतने पोती घेतली आणि व्यापाऱ्याच्या नव्या काट्यावर चढवली. त्या काट्यावर सरकारी ठसा होता. व्यापाऱ्याच्या बोटांवर कुठे ठसा होता? ओलाव्याची तूट, कचऱ्याची तूट, पोत्याची तूट, असं म्हणत त्याने बरंचसं भात काट्यावरच खाल्लं. तेव्हा हा महिपत मूग गिळून बसला. घरी येताना मात्र नवं पत्र्याचं माप घेऊन आला, आणि एक गुळगुळीत पट्टी.

खळ्याच्या कडेला त्याची म्हातारी आई, काशी, सूप घेऊन बसली होती. गेल्या सालापर्यंत मापाला तीच बसायची. दोन्ही ओंजळींनी भात चढवायची आणि म्हणायची, "घसरतंय तवर घे गो." आता गुडघे गेले, म्हणून मापाला मुलगा बसला. ती ठकूकडे बघत नव्हती. सुपातलं भात तिने उगाच पुन्हा पाखडायला घेतलं.

"मागं बाया खोळंबल्यात," महिपत म्हणाला. "घ्यायचं तर घे."

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवसू, तिचा नवरा, कोळशाच्या भट्टीवर गेलेला, घरात दाणा नाही, आणि कडेवर बुधी. तिने पदर पुढे केला. पत्र्याचं माप रिकामं होताना नुसतं खणखणलं.

त्या संध्याकाळी तिने कणगीत जायचं भात उखळात घातलं. पावसाळ्यातला एक दिवस तिने आत्ताच कांडून खाल्ला. मुसळ हाणताना ती कोणालातरी शिव्या देत होती. महिपतला, की न बघितलेल्या त्या सरकारला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती कापणीवर गेली. दुपारनंतर घाटाच्या बाजूने आभाळ भरून यायला लागलं. कार्तिकातलं आभाळ, त्याचा काय भरवसा? कापलेलं भात शेतात ओलं झालं तर त्याला मोड येतात, मग ते व्यापारी घेत नाही आणि गुरंही तोंड लावत नाहीत.

दिवस डोंगराला टेकला की कापणी थांबे. मग प्रत्येक बाई कमरेला खोचलेली फडक्याची चुंबळ डोक्यावर ठेवी, भाताचा एक भारा उचली आणि खळ्यापर्यंत नेऊन टाकी. मजुरी कापणीची होती, भाऱ्याची नव्हती. पण जाता जाता भारा न्यायचा, हेही कोणी ठरवलेलं नव्हतं.

दिवस टेकला. ठकूने विळा पुसला, बांधावर झोपलेल्या बुधीला उचललं आणि रिकाम्या डोक्याने चालू लागली. सुंदराने तिच्याकडे बघितलं, मग पायाशी पडलेल्या भाऱ्याकडे बघितलं. तिने हातातली चुंबळ कमरेला खोचली आणि ठकूच्या मागे निघाली. मग बाकीच्या निघाल्या.

खळ्यावर महिपत उठून उभा राहिला.

"भारे कुठं हायेत?"

"शेतात," ठकू म्हणाली.

"आभाळ बघतेस ना? भिजलं तर माझं वाटोळं व्हईल. आणायचे कोणी?"

"ती शीग व्हती, दादा."

महिपतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तो मटकन राशीपुढे बसला, माप खसकन भातात खुपसलं आणि बाहेर काढलं. पट्टी घ्यायला हात बाजूला नेला. पट्टी तिथे नव्हती. त्याने सुपाखाली बघितलं, पोत्यामागे बघितलं. बाया उभ्या होत्या. मापावर शीग आपसूक चढलेली होती, नीट, टोकदार. ठकूने पदर पसरला.

महिपतने आडव्या हाताने ती पाडली.

एकेकीचं माप झालं. कोणी भांडलं नाही. बाया पदर सावरून वाडीच्या वाटेला लागेपर्यंत महिपत बायकोला हाका मारत शेताकडे धावला होता, आणि त्याच्यामागून काशीही निघाली होती.

वाडीची वाट त्याच शेताच्या बांधावरून जायची. महिपत आणि त्याची बायको पहिले भारे घेऊन खळ्याकडे गेले होते. मागे काशी एकटीच होती. भाऱ्याखाली हात घालून ती तो उचलायला बघत होती. भारा गुडघ्यापर्यंत यायचा आणि पुन्हा खाली बसायचा.

ठकू पुढे जायला निघाली होती. थांबली.

"ठकू, उचलून दे गो," काशी म्हणाली.

"उचलून देते. नेणार नाय."

"नको नेऊ." काशीने धाप टाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "ती पट्टी मीच सकाळी चुलीत घातली. म्हटलं, पट्टी नसली तर..."

"हात हाय ना त्याला," ठकू म्हणाली.

म्हातारीच्या डोक्यावर चुंबळही नव्हती. ती कशी वळतात, हेही ती आता विसरली असेल. ठकूने बुधीला बांधावर उभं केलं. पदरातलं भात सांडू नये म्हणून पदराची गाठ कमरेला घट्ट खोचली. मग आपली चुंबळ काढून काशीच्या डोक्यावर बसवली आणि दोन्ही हातांनी भारा उचलून तिच्यावर ठेवला.

"मान ताठ ठेव, आय. नायतर पडशील."

काशी चालू लागली. हळूहळू ती ओढ्यापर्यंत गेली, पलीकडे चढली आणि झाडीआड गेली. ठकू तोवर बघत होती. घाटाकडे गडगडलं. शेतात बरेच भारे अजून पडले होते.

"चुंबळ परत नाय घेतलीस?" सुंदराने विचारलं.

ठकूने बुधीला कडेवर घेतलं.

"उद्या लागायची नाय," ती म्हणाली.