धियाबच्या गाडीतली किटली

मी एक जुना दिवा आहे. खोलीत उजेड पाडणारा नाही. गाडीत वेगाचा काटा असतो ना, त्याच्या खाली नखाएवढ्या जागेत मी बसतो. इंजिनात काही बिघडलं की लागायचं, एवढंच माझं काम. मला दोनच गोष्टी येतात.

लागणं.

विझणं.

मित्रांनो, म्हणून माझी हकिगतही तुटक आहे. मी लागलेला असलो की मला दिसतं. विझलेला असलो की फक्त ऐकू येतं. आणि बॅटरी काढली की काहीच नाही. त्या वेळचं मी सांगू शकत नाही.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. गाडी जहाजातून अकाबाच्या बंदरात उतरली आणि अम्मानच्या एका औषधविक्रेत्याने घेतली. त्याच्याकडे मी चौदा वर्षं होतो. रोज सकाळी तो किल्ली फिरवायचा, मी क्षणभर लागायचो, हजेरी द्यायचो आणि विझायचो. चौदा वर्षांत त्याहून जास्त लागण्याची वेळ आली नाही. "गाडी गुणाची आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून मलाही बरं वाटायचं.

मग गाडी दक्षिणेकडच्या डोंगरातल्या तफीला गावी आली, धियाबकडे. धियाब फॉस्फेटच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस. त्याची मुलगी वद्हा डोंगरावरच्या गावात शिक्षिका होती. तिचा नवरा सैन्यात, सीमेवर. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. तिला शाळेत सोडायचं आणि आणायचं, हे काम धियाबने आनंदाने अंगावर घेतलं होतं. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास.

पहिल्याच वर्षी क्लच गेला. धियाबने गाडी आपल्या भाच्याच्या, आयेदच्या गॅरेजमध्ये ठेवली. आयेदने बॅटरीची तार काढली.

.

.

दोन दिवस. त्या दोन दिवसांचं मला काहीही माहीत नाही.

गाडी परत आली तेव्हा क्लच लोण्यासारखा चालत होता. आठवड्याने मी लागलो.

"ही किटली कसली?" धियाबने विचारलं. माझ्या अंगावर इंजिनाचं चित्र आहे, पण ते खरंच किटलीसारखं दिसतं. वद्हा हसली. तेव्हापासून त्या घरात माझं नाव किटली पडलं.

आयेदने हातात मावणारं यंत्र जोडलं. यंत्रावर एक अक्षर आणि चार आकडे आले. ते कुठून येतात तेवढं मला माहीत होतं. सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, तो इंजिनाचा विषारी धूर साफ करतो. त्या डब्याचं काम होत नाहीये, असं ते आकडे सांगत होते.

आयेद आकड्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"काय म्हणतंय?" धियाब म्हणाला.

"काही नाही मामा. सेन्सर खराब झालाय. बदलतो."

बदलला. यंत्राचं बटण दाबलं.

विझलो.

तीन आठवड्यांनी लागलो. त्याने दुसरा सेन्सर बदलला. विझलो. महिन्याने लागलो. मग त्याने तारा बदलल्या, पेट्रोलमध्ये बाटलीतलं काहीतरी औषध ओतलं. विझलो, लागलो. दर वेळी तेच अक्षर, तेच चार आकडे. दोन वर्षं असंच चाललं.

"किटली पुन्हा चढली रे," धियाब फोनवर सांगायचा.

"मग चहा पाजा मला, आलोच," आयेद म्हणायचा. यायचा, बटण दाबायचा, आणि खरंच जेवूनखाऊन जायचा. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी तर न बोलावता यायचा. तपासणीत मी लागलेला दिसलो तर परवाना मिळत नाही.

एकदा वद्हा म्हणाली, "बाबा, एकदा दुसऱ्या कुणाला दाखवू या ना."

"दुसऱ्याला? माझ्या बहिणीचा मुलगा गॅरेज चालवतो आणि मी गाडी परक्याच्या दारात नेऊ? उद्या बहिणीकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी फक्त विचारलं."

"विचारूही नकोस. त्याच्या कानावर गेलं तर?"

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर वद्हाला दिवस राहिले. धियाब तिला पुढे बसू देईना. मागची सीट पूर्ण तिची. तिची आई घरून उशी आणि गोधडी द्यायची. हिवाळा लागला, काचा बंद झाल्या, हीटर सुरू झाला. वद्हाचं डोकं दुखू लागलं. शाळेत पोचेपर्यंत तिला मळमळायचं.

"पहिलटकरणीला असं होतंच," तिची आई म्हणायची.

"सुट्टीच्या दिवशी मात्र काही होत नाही," वद्हा एकदा फोनवर नवऱ्याला म्हणाली.

पलीकडून तो काहीतरी बोलला आणि ती हसली. "हो, मला शाळाच बाधते. मुख्याध्यापिकेला तसं पत्र देते."

मी तेव्हा लागलेला होतो. धियाबच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. पण मित्रांनो, माझ्याकडे एकच शब्द आहे, आणि तो त्यांना दोन वर्षं ऐकून सवयीचा झाला होता.

सहावा महिना होता. तपासणी जवळ आली, आयेद आला आणि बटण दाबून गेला. तपासणी पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी धियाब आनंदात होता. "बघ, किटली उतरली. गाडी बरी झाली."

विझलेला होतो. म्हणून यापुढचं मी फक्त ऐकलं.

चढावर बर्फ पडलं होतं. पुढे ट्रक अडकला होता. बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत कुणीच हलू शकत नव्हतं. दार उघडल्याचा आवाज आला.

"मी जरा खाली उतरून बघतो. इंजिन चालू ठेवतो, तुला थंडी वाजेल. झोप तू."

"हं. डोकं जड झालंय."

"झोप, बरं वाटेल."

दार बंद झालं. बाहेर माणसं सिगारेट ओढत होती. कुणीतरी ट्रकवाल्याला म्हणत होतं, "तुझ्या आजीनेही बर्फात एवढा वेळ काढला नसता." हसले सगळे. हीटर घरघरत होता. मागच्या सीटवर तिचा श्वास मला ऐकू येत होता. आधी नेहमीसारखा. मग जोरजोरात, घाईघाईने. मग फार हळू.

सव्वा तासाने धियाब आला. "वद्हा, सुटला रस्ता." मग पुन्हा, "वद्हा." मग तो तिचं नाव घेत राहिला आणि बाहेरची माणसं धावली.

वद्हा वाचली. बाळ वाचलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की गाडीतल्या विषारी वायूमुळे झालं. धियाबने पहिल्यांदाच गाडी परक्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हातारा, अबू सनद नावाचा. त्याने गाडी वर उचलली आणि डब्यावर बोटाने टकटक केली.

"हाजी, डबा आहे, आत बिऱ्हाड नाही."

"म्हणजे?"

"आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तीच धूर साफ करते. तिला चांगली किंमत येते, म्हणून काढून विकतात. कुणीतरी डबा कापलाय, जाळी काढलीय आणि वरून घाईत वेल्डिंग केलंय. हे बघ, वेल्डिंग फुटलंय. धूर इथून निघतो आणि मागच्या सीटखालच्या भोकातून आत जातो." मग त्याने विचारलं, "गाडीला हात कुणाचा लागत होता?"

"भाच्याचा."

अबू सनदने गाडी खाली उतरवली. "जोडून देऊ?"

"नको. अशीच राहू दे."

महिन्याने आयेदकडची वडीलधारी माणसं समेटाला आली. त्यांच्यातल्या मोठ्याने कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुण्याने तो प्यायचा नाही, अशी इथली रीत. धियाब म्हणाला, "प्या. मी माफ केलं." हे मला गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. सगळे गेले. धियाबने आयेदला थांबवलं.

"चल, शाळेपर्यंत जाऊन येऊ."

आयेद पुढचं दार उघडू लागला.

"पुढे नको. मागे."

काचा बंद, हीटर चालू. धियाबने स्वतःची काचही उघडली नाही. चढ सुरू झाला. मग मागून आवाज आला.

"मामा, काच उघडू?"

"का? डोकं दुखतंय?"

"थोडं."

"पहिलटकरणीला असं होतंच."

ट्रक अडकला होता त्याच चढावर मी लागलो. मला आयेदचा चेहरा आरशात दिसला. राखेच्या रंगाचा झाला होता. धियाबचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलत नव्हता.

"किटली चढली," धियाब म्हणाला. "विझव."

"मामा, सगळेच काढतात ती जाळी. मला वाटलं, धूर जरा जास्त येईल, बाकी काय होणार? देवाशपथ, मला हे ठाऊक नव्हतं."

"हे ठाऊक नव्हतं. पण किटली का लागते, ते ठाऊक होतं?"

आयेदने आरशातून नजर काढून बंद काचेकडे वळवली.

"दर वेळी बटण दाबताना, ठाऊक होतं?"

"होतं."

धियाबने गाडी थांबवली आणि चारही दारं उघडली. डोंगरावरचा गार वारा आत शिरला. दोघं बराच वेळ रस्त्याच्या कडेला ओणवे उभे होते. आयेदला ओकारी झाली. धियाबने त्याला पाण्याची बाटली दिली.

"जे मला सांगितलंस ते वद्हाला सांगायचं," तो म्हणाला. "माझी माफी तिची माफी नाही."

काचा उघड्या ठेवून ते परत आले, मी अजून लागलेलाच होतो. वद्हा अंगणात आली. गोधडी अंगाभोवती घेतलेली. आयेदने तिला सगळं सांगितलं, वर न बघता. तिने ते मध्ये न बोलता ऐकलं.

"दोन वर्षं तू आमच्या ताटात जेवलास," ती म्हणाली. "कधी सांगणार होतास?"

 ती उत्तरासाठी थांबली, खूप वेळ थांबली, आणि मग घरात गेली.

त्यानंतर ही गाडी कुणी चालवली नाही. धियाब कधीतरी येऊन बसतो, किल्ली फिरवतो, माझ्याकडे बघतो, बंद करतो. बॅटरी उतरत चालली आहे. माझे थोडेच दिवस उरलेत.

तेव्हा मित्रांनो, मी लागलो तर घाबरू नका. मी आहे म्हणजे अजून वेळ आहे. मी विझलो तर मात्र लगेच हुश्श करू नका. ज्याने मला विझवलं त्याला समोर बसवा आणि विचारा, दुरुस्त काय केलंस? तो परका असेल तर विचाराच. आपला असेल तर आधी विचारा.