छत्रीतला पत्ता

धाकट्या भावाने माझ्या हातात दिलेली छत्री मी उघडली, तर आतल्या कापडावर एक पांढरी पट्टी शिवलेली. पट्टीवर घराचा क्रमांक, रस्त्याचं नाव, खाली फोन नंबर. मी चौतीस वर्षं टपाल वाटलंय. पत्ता कशावर लिहितात हे मला कुणी शिकवायला नको. जे आपलं आपण पोहोचू शकत नाही, त्याच्यावर लिहितात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांनी माझं पार्सल करून टाकलं होतं.

संशय तसा आधीपासून होता. हिवाळ्यात आमच्याकडच्या बस डेपोत मला चक्कर आली. तासभर बाकावर बसून राहिले, तर शेजारणीने भावाला फोन करून कळवलं की ताईंना घर सापडेना. घर मला सापडत होतं, पाय सापडत नव्हते. पण बोभाटा व्हायचा तो झाला. त्यानंतर भावजयीचे फोन वाढले आणि उन्हाळा लागताच आमंत्रण आलं. या ना ताई, तलावाकाठी गारवा असतो, शहर पायी फिरण्यासारखं आहे, महिनाभर राहा. गेल्या सतरा वर्षांत कधी नाही, ते आताच कसं सुचलं? पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं.

माझ्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. रात्री दहाला रेडिओ लावला तरी कुणी हळू कर म्हणत नाही. ते सगळं बंद करून मला आपल्या मागच्या खोलीत आणून ठेवायचं, असा यांचा बेत होता. मी परतीचं तिकीट काढूनच आले.

आल्या दिवशीच पुरावे सापडायला लागले. न्हाणीघरात भिंतीला नवाकोरा दांडा, धरून उठायला. पुढच्या दाराला घंटी, उघडलं की वाजणारी. आणि आतल्या दारांवर ठळक अक्षरात कागद चिकटवलेले: स्वयंपाकघर, संडास, झोपायची खोली.

"हे कशाला गं?" मी भावजयीला विचारलं.

"असू दे, ताई. पाहुण्यांना बरं पडतं," ती म्हणाली आणि घाईघाईने चहा गाळायला लागली.

पाहुणी मी एकटीच होते. संडास कुठे आहे ते मला वाचून कळेल, अशी यांची समजूत.

भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी टपालात लागले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शाळेला सुट्टी लागली की माझ्यामागे बटवड्याला यायचा, म्हणून मी त्याचं नाव शेपट्या ठेवलं. अजून तेच म्हणते. मोठा होऊन तो या शहराच्या नगरपालिकेत नकाशे काढायला लागला. गल्लीबोळ त्याच्या हाताखालून गेलेले. निवृत्ती मात्र त्याने मुदतीच्या तीन वर्षं आधीच घेतली होती. का, असं विचारल्यावर "पुरे झालं" एवढंच म्हणाला. तेही मला खटकलं.

रोज सकाळी आम्ही दोघं पायी निघायचो. शहर मात्र खरंच सुरेख होतं, ते मी कबूल करते. सगळे रस्ते तलावाकडे उतरणारे. उन्हाळ्याने पाणी बरंच खाली गेलेलं, त्यामुळे एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्या, निसरड्या. काठावर होड्या पालथ्या घालून डांबर लावायचं काम चाललेलं. घरांचे क्रमांक मी दुसऱ्याच दिवशी समजून घेतले. एक नंबर पाण्यापाशी, तिथून चढावर आकडे वाढत जातात, पाण्याकडे पाठ केली की डावीकडे विषम, उजवीकडे सम. कुणाच्याही नावे पत्र दिलं असतं तर पोहोचवलं असतं.

आणि हा शेपट्या, ज्याने या शहराचे नकाशे काढले, तो दर चौकात माझ्या अर्धं पाऊल मागे राहायचा.

"तू पुढे हो, ताई," म्हणायचा. "बघू तुला रस्ता लक्षात राहतो का."

माझी परीक्षा चालली होती. मी न चुकता वळायचे. तो मागून "बरोबर, बरोबर" म्हणत यायचा. मला हसू यायचं आणि रागही यायचा.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आमच्यावर पाळत आहे. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला आम्हाला बघितलं की हात पुसून फोन उचलायचा. वाचनालयातली बाई चष्म्यावरून बघायची आणि फोन उचलायची. उताराच्या गल्लीतला शिंपी तर मशीन थांबवून दारात यायचा, मान हलवायचा, मग आत जाऊन फोन. दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे. तीन माणसं, एकच खोड. भावजयीने हेर पेरले होते. म्हातारी कुठे चुकते, कधी चुकते, याची वर्दी घरी जात होती. एकदा चुकले असते की संपलं. मग कसलं परतीचं तिकीट आणि कसल्या दोन खोल्या.

घरी भावजय मला एकटीला गाठायला टपलेली असायची. भाऊ आंघोळीला गेला की हळूच येऊन म्हणायची, "ताई, तुमच्याशी जरा बोलायचं होतं."

"नंतर बोलू गं," असं म्हणून मी चपला घालायचे. ती काय बोलणार ते मला पाठ होतं. तुमचं वय झालं, एकटं राहणं बरं नाही, मागची खोली रिकामीच आहे. एकदा तिने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. तिचे डोळे भरून आले, तेही मला नाटक वाटलं. संशय एकदा बसला की समोरचं माणूस रडलं तरी हिशेबातच बसतं.

सहाव्या दिवशी मी ठरवलं की यांना दाखवायचं. पहारेकऱ्याच्या हातावर तुरी देऊन एकटीने अख्खं शहर पालथं घालायचं आणि बरोबर जेवायच्या वेळेला घरी येऊन ताटावर बसायचं. मग बोला म्हणावं.

वाचनालय उताराच्या मध्यावर, सेहेचाळीस नंबरला. शेपट्या तिथे बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसला. आतल्या बाईने आम्हाला बघून फोन केलाच. ऊन चढलं होतं, त्याने छत्री माझ्याकडे दिली होती. तो पानात डोकं घालून आहे असं बघितलं आणि मी मागच्या दाराने सटकले.

पहिली दहा मिनिटं मी शाळा बुडवलेल्या पोरीसारखी चालत होते. घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घातला, तारांच्या दुकानांची गल्ली पार केली, भाजीच्या मंडईतून आरपार गेले. मग मुद्दाम सायकलवाल्यासमोरून गेले. म्हटलं, कर फोन, कळू दे एकदा. त्याने मला बघितलं. पुन्हा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला. फोनला हातसुद्धा लावला नाही.

मी मागे फिरून पुन्हा त्याच्यासमोरून गेले. काही नाही.

मला चुकल्यासारखं वाटलं. हेराला जिच्यावर नजर ठेवायची ती समोर उभी आहे आणि हा पंक्चर काढतोय? मी तरातरा शिंप्याच्या गल्लीत गेले. तो दारात आला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं.

"भाऊ कुठेत?" त्याने विचारलं.

"वाचनालयात बसलाय."

"एकटे?"

"एकटाच. कुकुलं बाळ आहे का तो?"

त्याच्या गळ्यातली टेप एका बाजूने खाली घसरली, ती त्याने धरलीही नाही. "घरी तुम्हाला काहीच सांगितलं नाही का?"

"काय सांगायचं होतं?"

"दोन महिन्यांपूर्वी सकाळी निघाले ते दिवसभर सापडले नाहीत. पलीकडच्या काठावर सापडले. स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येईना. वहिनींनी आम्हा सगळ्यांना नंबर देऊन ठेवलाय. दिसले की कळवायचं, एवढंच. तुम्ही सोबत आहात म्हणून या आठवड्यात वहिनींना जरा निवांत होतं." त्याने पुन्हा गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "छत्रीत पत्ता मीच शिवलाय. ती तरी आहे ना त्यांच्याजवळ?"

छत्री माझ्या हातात होती.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. न्हाणीघरातला दांडा, दाराची घंटी, कागदावरचं "संडास", तू पुढे हो ताई, सगळं एकदम समोर आलं आणि त्यात कुठेही मी नव्हते. तो माझी परीक्षा घेत नव्हता. त्याला वळण आठवत नव्हतं, तो माझ्यामागून येत होता. मी मात्र आठवडाभर स्वतःचाच पत्ता वाचत बसले होते.

वाचनालयाचा बाक रिकामा. बाई म्हणाली, "मला वाटलं तुम्ही दोघं बरोबरच गेलात." ती फोनवर फोन लावायला लागली, शिंपी चढावरच्या बाजूला पळाला. मी रस्त्यात उभी राहिले. वर गेला असेल की खाली, काही समजेना. आणि मग उताराकडच्या शेजारच्या दारावरचा आकडा दिसला. चव्वेचाळीस.

तो दहा वर्षांचा असताना गर्दीत एकदा मागे राहिला होता. सापडल्यावर मी त्याचा कान धरून सांगितलं होतं, "चुकलास तर रडायचं नाही. आकडे उतरत जायचं. एक नंबरच्या घरापाशी थांबायचं, मी तिथे येते." आमच्या बटवड्याच्या रस्त्याला एक नंबरला टपाल कार्यालयच होतं. तो नंतर तीनदा हरवला आणि तिन्ही वेळा पायरीवर शहाण्यासारखा बसलेला सापडला.

या शहरात एक नंबर पाण्यापाशी होता.

मी धावले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस ज्याला धावणं म्हणतं, तसं. बत्तीस, अठरा, सहा. एक नंबर म्हणजे वल्ह्यांची जुनी बंद शेड. तिच्या पलीकडे त्या हिरव्या पायऱ्या. शेवटच्या पायरीवर शेपट्या उभा होता, बुटांसकट, घोट्यापर्यंत पाण्यात. मी हाक मारली नाही. दचकला असता तर पाय घसरला असता. भिंत धरून एकेक पायरी उतरले आणि त्याचं मनगट धरलं.

"ताई," तो म्हणाला, "पुढे आकडेच नाहीत."

"नाहीत रे. इथेच संपतात."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याचा चेहरा इतका सुटला की मला तो दहा वर्षांचाच दिसला. "तू चुकलीस ना? मी मागे बघतो तर तू नाहीस. म्हटलं, एक नंबरला थांबतो, तिला ठाऊक आहे, ती येईल."

खरं सांगायला माझ्याकडे एक वाक्य होतं. ते सांगितलं असतं तर माझ्या दोन खोल्या शाबूत राहिल्या असत्या, आणि तो तिथेच पायरीवर मोडला असता.

"चुकले," मी म्हटलं. "बरं झालं तू थांबलास."

दाराची घंटी वाजली तेव्हा भावजय फोन हातात घेऊन उभी होती, चेहरा पांढरा. शेपट्या ओल्या बुटांनी आत शिरला आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, "घाबरू नकोस. ताई हरवली होती. मी शोधून आणली. यापुढे हिला एकटीला कुठे पाठवायचं नाही."

भावजयीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मी खरं बोलते का, याची ती वाट बघत होती. बोलले असते तरी तिने मला दोष दिला नसता. त्या बाईला मी आठवडाभर झिडकारलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"खरं म्हणतोय तो," मी म्हटलं. "आता मला एकटीला जमायचं नाही. मागची खोली रिकामी आहे ना?"

तिने तोंडाला पदर लावला. या वेळी मला ते नाटक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टपाल कार्यालयातून पत्ता बदलल्याचा अर्ज आणला. असले हजारो अर्ज मी आयुष्यभर हाताळले, लोक माझ्या हातात देऊन निघून जायचे. स्वतःचा पहिल्यांदाच भरत होते. जुना पत्ता लिहिताना पेन जरा अडलं. मग शेपट्याला शेजारी बसवलं.

"नवा पत्ता सांग बघू," मी म्हटलं. "माझ्या नाही बाबा लक्षात राहत."

तो अर्जाकडे बघायला लागला. ओठ हलले, आवाज आला नाही. मी छत्री उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि मला नीट लिहून घेता यावा म्हणून एकेक आकडा थांबून थांबून सांगितला.