बेडकाचं पान

डोळे मिटा बरं क्षणभर. आता समोर एक मोठी परात आणा. परातीत पिठाचा ढीग, ढिगाच्या मधोमध बोटांनी केलेला खळगा, आणि भोवती बाह्या कोपरापर्यंत सारलेली आठ मुलं. पीठ कुणाच्या नाकाला लागलंय ते तुमचं तुम्ही ठरवा. नववी मुलगी उंच स्टुलावर बसली आहे आणि तिचे हात मात्र कोरडे आहेत, कारण आज पान उलटायची पाळी तिची. परातीमागे उभ्या आहेत त्या पीठबाई.

हे नाव मुलांनीच ठेवलेलं. बाईंनी अठ्ठावीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. रोज तीनशे ताटं पाठवली, पण जेवणारा माणूस कधी डोळ्यांनी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्या मुलांच्या वाचनालयात आल्या आणि दर बुधवारी तीन ते पाच त्यांनी हा तास सुरू केला. पद्धत त्यांची स्वतःची होती. गोष्ट आधी सांगायची नाही. पान उलटायचं, पानावर जे येईल ते परातीत घालायचं. पुस्तकातलं पात्र थांबलं की आपणही थांबायचं. आणि शेवटचं पान पदार्थ तयार होईपर्यंत मुळीच उघडायचं नाही. या पद्धतीपायी दोन वर्षांत कितीतरी मुलं अक्षरांच्या नादी लागली होती. पुढं काय घालायचं ते कळायला हवं ना!

आजची गोष्ट एका अस्वलाची होती. अस्वलाला पाव करायचा असतो आणि एकेक प्राणी एकेक वस्तू घेऊन येतो.

पण आज खोलीत आणखी एक माणूस होता. वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल भिंतीशी ठेवलेल्या छोट्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. सकाळीच त्यांनी बाईंना बोलावून घेतलं होतं.

"बाई, पुस्तकांना मध, पुस्तकांना लोणी. परवा कपाट उघडलं तर आत मुंग्यांची रांग. आता आपल्याकडे वाचायला मुंग्या येतात असं पाटीवर लिहायचं का?"

"पुसून ठेवते मी, साहेब."

"मी आज येऊन बसतो. नीट वाटलं तर चालू ठेवू. नाहीतर ती खोली मला जुन्या मासिकांसाठी हवीच आहे."

म्हणून आज बाईंचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागला होता.

"सशानं काय आणलं?"

"पीठ!"

"खारीनं?"

"कोमट पाणी!"

"कासवानं?"

"मीठ! पण किती हळू आणलं!" एक मुलगा म्हणाला आणि सगळे खिदळले. साहेब हसले नाहीत.

स्टुलावरच्या मुलीनं पुढचं पान धरलं आणि ती थबकली. "पीठबाई, हे पान जाड लागतंय."

"उलट, बाळा."

"पण बघा ना, खूप जाड..."

"अगं, आज मधे मधे नको. उलट पाहू पटकन."

मुलीनं पान उलटलं आणि ओठ मिटून घेतले. पानावर अस्वल कणीक मळत होतं. आठ मुलांनी सोळा हात परातीत घातले. मग अस्वलानं कणकेवर ओलं फडकं घातलं आणि ते वाट बघत बसलं. तसे सगळेच बसले.

पावणेचार झाले, चार झाले, सव्वाचार झाले. बाईंनी तीनदा फडकं उचलून पाहिलं. कणीक ठेवली होती तश्शीच, दगडासारखी मख्ख. इस्पितळात हजारो पाव फुगवलेल्या त्या बाईंना कपाळावर घाम आलेला जाणवला. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"झोपलीय का ती?" एका मुलीनं कुजबुजत विचारलं.

"मेली असेल," शेजारचा म्हणाला.

बाईंनी घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून एप्रनच्या खिशात हात घातला, तर हाताला कागदाची पुडी लागली. यीस्टची. मुलांनी सांडू नये म्हणून त्यांनी ती दुपारीच खिशात टाकली होती. पान आलं की काढायची. पान आलंच नव्हतं.

आता काय करायचं? कोपऱ्यातला ओव्हन नीट चालत नाही म्हणता आलं असतं. आज हवा गार आहे, असंही म्हणता आलं असतं. साहेबांना पावातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. तेवढ्यात त्यांची नजर स्टुलाकडे गेली. मुलगी पुस्तक मिटून वरचं चित्र निरखत होती. चित्रात ससा होता, खार होती, कासव होतं आणि हातात बरणी घेतलेला एक बेडूकही होता. मुलीचं बोट बेडकावर होतं, पण ती बोलत नव्हती. तिला गप्प बसायला सांगितलं होतं.

बाई परातीमागून निघाल्या आणि स्टुलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बेडूक राहिला ना गं?"

मुलीनं मान हलवली.

"तू मला थांबवत होतीस आणि मी तुलाच गप्प केलं. चूक माझी झाली." मग त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, मागच्या वेळचा मध वाळून दोन पानं चिकटलीत. मी पुसली नव्हती. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आणि हिनं सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, तुम्ही बसला होतात म्हणून घाई केली."

बाईंनी पाण्याची किटली तापवली आणि तिच्या वाफेवर पान धरलं. मुलीनं नखानं एक कोपरा सोडवला, मग दुसरा. पान सुटलं. बेडूक गळा टम्म फुगवून उभा होता. त्याच्या बरणीत फेस होता.

"आलाऽऽ!" आठही जण ओरडले.

बाईंनी वाटीत कोमट पाणी घेतलं, साखर घातली आणि पुडी रिकामी केली. थोड्या वेळानं फेस वर आला, तो पाहायला साहेबही खुर्चीतून उठले. मग फेस कणकेत घालून पुन्हा मळणं सुरू झालं. कणीक घसरत होती, बोटांतून निसटत होती, एकाच्या चक्क कोपराला जाऊन लटकली. यावेळी स्टुलावरची मुलगीसुद्धा खाली उतरून मळायला आली.

पण पाच वाजत आले होते. पालक दाराशी जमू लागले.

"आता भाजायचं कधी?" साहेबांनी विचारलं.

"आज इथं नाही होणार," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं आपापला गोळा घरी न्यायचा. उबेत ठेवायचा, दुप्पट झाला की भाजायचा. शेवटचं पान पुढच्या बुधवारी." एवढं बोलून त्या अडखळल्या, कारण पुढचा बुधवार आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी कणकेचे गोळे केले. खोलीत जितकी माणसं तितके गोळे, हा त्यांचा नेहमीचा हिशेब, म्हणून साहेबांच्याही तळहातावर एक आला. साहेब तो गोळा घेऊन तसेच उभे राहिले. ठेवावा कुठं ते त्यांना कळेना.

"बाई," ते म्हणाले, "पुढच्या वेळी पानं आदल्या दिवशी सोडवून ठेवत जा. मासिकं काय, जिन्याखाली मावतील."

बाईंनी नुसतंच "हो" म्हटलं आणि परात खरवडायला घेतली. खरवडण्यासारखं तिच्यात फारसं काही उरलेलं नव्हतं.

मुलगी आपला गोळा एप्रनमध्ये घालून दाराकडे निघाली होती. जाता जाता तिचा हात साहेबांच्या हाताला लागला आणि ती थांबली.

"तुमचे हात गार आहेत," ती म्हणाली. "असा नाही फुगणार तो."

तिनं आपला गोळा बाईंकडे सांभाळायला दिला. मग साहेबांचा दुसरा हात ओढून गोळ्यावर झाकण घातल्यासारखा ठेवला, आणि स्वतःचे दोन्ही हात त्यांच्या खालच्या हाताला लावून, आईनं हाक मारली तरी तशीच उभी राहिली.