दांडीच्या कडेचा ठिपका

"थांबा! केक कापू नका!" विब्के दारातूनच ओरडली.

एकहार्ट ब्रुनच्या हातातली सुरी हातातच राहिली. निवृत्त होणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं, ही त्या प्रयोगशाळेतली रीत, आणि आज त्याचा शेवटचा दिवस. म्हणून चेरीचा केक त्याने स्वतः भाजून आणला होता. बायको गुद्रुन वारल्यापासून तो भाजायला शिकला होता, आणि बरा भाजायचा.

"का गं, विष-बिष घातलंय की काय ब्रुननी?" डॉक्टर हालर हसले. प्रयोगशाळा त्यांचीच.

"आधी हे बघा," म्हणत विब्केने केकशेजारी लॅपटॉप उघडला.

एकहार्टचं काम सांगायला सोपं. टंगस्टनच्या पेन्सिलीएवढ्या दांड्यांची सपाट टोकं आरशासारखी घासायची, काचेच्या नळीत बसवायची, विजेची ज्योत पेटवायची आणि टोकाचा फोटो काढायचा. विब्के आणि शेजारच्या खोलीतली बाकीची मंडळी तीच ज्योत कॉम्प्युटरवर समीकरणांनी पेटवत. त्यांच्या गणितात ज्योत टोकाच्या बरोबर मधोमध चिकटायची. एकहार्टच्या फोटोत मात्र ती चिकटल्याचा पांढरा ठिपका कडेला, कधी या बाजूला तर कधी त्या.

"ब्रुन, तुमचा हात तिरपा चालतो," अकरा वर्षांपूर्वी हालर सहज बोलून गेले होते.

बोलणारा विसरला, ऐकणारा कुठला विसरतोय! गणित खोटं कसं बोलेल, असं म्हणून बिचाऱ्याने मान खाली घातली. घासायचं चाक बदललं, चष्म्याचा नंबर बदलला, रविवारी येऊन दांड्या पुन्हा घासल्या. ठिपका आपला कडेलाच. शेवटी वहीत प्रत्येक फोटोपुढे तो लिहू लागला: 'दोष घासणाऱ्याचा.' ज्या हातांवर जन्मभर पोट भरलं, त्यांच्यावरचाच विश्वास उडाला. याहून वाईट माणसाचं काय व्हायचं?

"आपण आजवर काय करत होतो माहितीय?" विब्केने केककडे बोट दाखवलं. "दांडी गोल आहे ना, मग हिची एकच फोड मोजायची आणि बाकीच्या फोडी तश्शाच आहेत असं धरून चालायचं. तेवढाच वेळ वाचतो. पण मग कडेला एकटा ठिपका येणार कसा? एका फोडीत आला की सगळ्या फोडींत आलाच, म्हणजे नुसतं कडं होणार! मी या वेळी अख्खी दांडी मोजायला लावली. पाच दिवस यंत्र घरघरत होतं."

पडद्यावर दांडीच्या टोकाचं लालसर वर्तुळ होतं. त्याच्या कडेला, एका बाजूला, पांढराशुभ्र ठिपका.

"आणि दांडी अगदी बिनदोष धरलीय हं," ती म्हणाली. "कडेपासून उष्णतेला पळायला वाट कमी, म्हणून ठिपका तिथेच टिकतो. ब्रुनकाका, तुमचे फोटो पहिल्यापासून बरोबर होते."

हालरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ब्रुन, तुमचा हात सरळच होता. तिरपं आमचं डोकं चालत होतं. मला माफ करा."

"अकरा वर्षं, डॉक्टर," एकहार्ट म्हणाला. "सांगायला अकरा वर्षं लावलीत."

त्याने सुरी खाली ठेवली आणि कपाटातून वही काढली. पट्टी लावून एकेका ओळीतला 'दोष घासणाऱ्याचा' तो खोडू लागला. घाई नाही, गडबड नाही. पट्टी जरासुद्धा हलत नव्हती. विब्के शेजारी उभी राहून बघत होती.

एका ओळीवर तो थांबला, आणि ती तशीच ठेवून खाली सरकला.

"काका, ही राहिली की."

"राहू दे. ही चूक माझीच आहे." त्याने फोटोवर बोट ठेवलं. "ओरखडा दिसतोय? त्या सकाळी गुद्रुन गेली. दवाखान्यातून मी सरळ इकडेच आलो. घरी जाऊन तरी काय करणार होतो?"



एकहार्टने पान उलटलं आणि पट्टी पुढच्या ओळीवर ठेवली.