दोन खोल्यांतला रेडिओ

मी रेडिओ बोलतोय. आजवर बातम्या दुसऱ्यांच्या, गाणी दुसऱ्यांची. स्वतःचं पहिल्यांदाच सांगतोय, म्हणून जरा अडखळेन. सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! लाकडी पेटी, पितळी बटणं, पुढे जाळीचं कापड. वाटलं, कुणाच्या घरी फळीवर बसेन, चहाबरोबर बातम्या देईन. पण मला एका सरकारी कचेरीनं घेतलं आणि तळघरातल्या खोलीत ठेवलं. तिथे एक टेबल, पाण्याचं पिंप आणि छताला हूक. मला वाटलं, हूक पंख्यासाठी असेल. इतका भोळा होतो मी.

तिथले साहेब शांत स्वभावाचे. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस आत आणला की हवालदाराला म्हणायचे, "रेडिओ मोठा कर. आवाज बाहेर जायला नको." मग मी घसा फोडून गायचो. रस्त्यावरच्या लोकांना वाटत असेल, साहेब मोठे रसिक आहेत.

गाण्याखाली काय चालायचं ते मी ऐकलंय. तळपायांवर वेताचे फटके, पिंपात दाबलेल्या डोक्याचे बुडबुडे. एकदा हवालदाराची सुटलेली काठी माझ्यावर बसली आणि आतला स्पीकर चिरला. तेव्हापासून खालचा सूर लागला की मी फरफरतो.

एका दुपारी एक शिंपी आणला. त्यानं मोर्चाचे झेंडे शिवले होते. "कापड कुणी दिलं?" एवढाच प्रश्न. तो बोलेना. साहेबांनी त्याचा उजवा हात टेबलाच्या खणात ठेवायला लावला आणि खण लाथेनं बंद केला. गाणं जोरात होतं, तरी बोटं मोडल्याचं मला ऐकू आलं. खण उघडला, पुन्हा लाथ. चौथ्या लाथेला शिंप्यानं एक नाव ओरडून सांगितलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका तरुणाचं.

दुसऱ्या दिवशी तो तरुण हुकाला टांगला गेला, आणि शिंप्याला मुद्दाम भिंतीशी बसवून सगळं ऐकवलं. तरुण संध्याकाळपर्यंत "आई, आई" करत होता. मग थांबला. मी मात्र गातच होतो. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे सरकार बदललं, कचेरी उठली आणि मी भंगारात गेलो. एका दुरुस्तीवाल्यानं मला उचललं. स्पीकर काही त्याला बदलता आला नाही. त्याची बायको नर्स. दर गुरुवारी दुपारी ती एका इमारतीच्या तळमजल्यावर माणसं जमवते, कोठडीतून परतलेली किंवा ज्यांचं माणूस परतलंच नाही अशी. सगळे गोल करून बसतात. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसता चहा प्या, एवढाच तिथला नियम. तिनं मला तिथल्या फळीवर ठेवलं.

पाहतो तर गोलात तोच शिंपी! त्याच्या शेजारी एक म्हातारी, सगळ्यांची मावशी. शिंप्याच्या वाकड्या बोटांत कप धरवत नाही म्हणून ती स्वतः त्याच्या तोंडाला लावायची. तिचा मुलगा कोठडीत आजारानं गेला, असा तिला कागद आला होता. दर गुरुवारी ती विचारायची, "छापखान्यात होता हो माझा. शेवटी काय म्हणाला, कुणाला ठाऊक आहे का?" शिंपी खाली बघायचा. चहा मात्र तिच्याच हातचा प्यायचा. मला त्याचा राग यायचा, आणि माझाही.

एका गुरुवारी एक बाई आपल्या नवऱ्याची हकिकत सांगताना हमसून रडत होती. वरचा भाडेकरू दारात आला. "काय हो, दर आठवड्याला हे रडगाणं? मालकाला सांगून खोली खाली करायला लावीन!" तो गेल्यावर नर्स घाबरून म्हणाली, "जरा रेडिओ मोठा करा. आवाज बाहेर जायला नको."

तेच शब्द. कुणीतरी बटण फिरवलं, खालचा सूर लागला आणि मी फरफरलो.

शिंपी ओरडला. कप लाथाडून भिंतीशी सरपटला, उजवा हात काखेत दडवला आणि जिवाच्या आकांतानं ते नाव ओरडू लागला. "खण उघडा साहेब! नाव सांगितलं ना! मीच सांगितलं ना!"

ते नाव मावशीनंच ठेवलेलं होतं.

ती उठली. तिनं शिंप्याच्या थोबाडीत एक मारली, मग दुसरी. नर्स आडवी आली. मावशी तिला ढकलून माझ्याकडे आली आणि तिनं खटकन मला बंद केलं. मग शिंप्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "आता सांग. हळू नको. मला सगळं ऐकू आलं पाहिजे."

"तुम्हालाच हाक मारत होता," शिंपी म्हणाला, "संध्याकाळपर्यंत."

त्या दिवसापासून मला कुणी लावलं नाही. माझ्यावर आता धुतलेले कप पालथे घालतात. मावशी शिंप्याला चहा पाजत नाही. कप त्याच्यापुढे ठेवते, तो डाव्या हातानं उचलतो. तरी दोघं शेजारीच बसतात.

रेडिओनं असं मागावं हे नवलच, पण शेजारून कुणाचा टाहो ऐकू आला तर माझ्या भाऊबंदांचा आवाज वाढवू नका. आणि मला आता बंदच राहू द्या. आज गुरुवार आहे. मावशीनं पुन्हा तेच विचारलंय, आणि शिंपी पुन्हा पहिल्यापासून सांगतोय.